चिमाबाईचं कुंकू

मोरदऱ्यात नवरा गेला तरी बाईचं कुंकू पुसत नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं बोटही विधवेच्याच कपाळी लागतं. बाहेरचे लोक कौतुक करतात, गाव फार पुढारलेलं म्हणतात. देवळातले बाबाजी गुरव मान हलवतात. पुढारलेलं कसलं, ही रडण्याची गोष्ट आहे, असं म्हणून ते सांगू लागतात.

पानिपतावर इथले एकतीस जण गेले होते म्हणे. तलवारबहाद्दर नव्हेत, कुणी बैल हाकणारे, कुणी चारा वाहणारे. चिमाबाईचा नवरा केरबा फौजेला पखालीनं पाणी पुरवायचा. पौषात सगळं संपलं, पण गावात बातमी पोचेतो होळी उलटली. तीही धड नाही. फौज बुडाली, एवढंच. कोण मेलं, कोण वाचलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पंचांनी ठरवलं, एकाच्या जरी मरणाची खात्री पटली, तर एकतिसांचंही क्रियाकर्म उरकायचं आणि साऱ्याजणींची कुंकवं उतरवायची. तोवर वाट पाहायची.

आखाडात शेजारगावचा राणू लंगडत परतला. त्यानं चिमाबाईला नदीवर गाठलं. केरबानं त्याच्याच मांडीवर प्राण सोडला होता, पाणी पाणी करत. चिमाबाईनं राणूचे पाय धरले. "दादा, गावात बोलू नगा. माझ्या एकीपायी तीस कपाळं पांढरी हुतील." मग धुणं पिळून ती घरी गेली आणि तिनं पोरांना भाकरी वाढली.

त्यानंतर चाळीस वर्षं ती रोज सकाळी कुंकू लावत राहिली. बाकीच्या वाट पाहून रडायच्या, ही रडेना. लोक म्हणत, हिचं काळीज दगडाचं. रडण्याची तिला फार भीती वाटे, एकदा सुरू झालं तर आवरणार नाही म्हणून. वाट पाहणाऱ्या एकेक करून सवाष्णीच्या मानानं गेल्या. शेवटची गेली, तिला पोचवून आल्यावर चिमाबाई देवळाच्या पायरीवर बसली आणि केरबाचं नाव घेऊन तिनं हंबरडा फोडला. गाव गोळा झालं. तेव्हा तिनं सारं सांगितलं, असं म्हणतात. तिचं कुंकू पुसायला कुणाचा हात उठला नाही. पुढे कुणाचंच पुसलं नाही.

आजही संक्रांतीला शाळेतली मुलं चिमाबाईचं नाटुकलं करतात. त्यातली चिमाबाई कंबरेवर हात ठेवून पंचांना चार शब्द सुनावते, टाळ्या पडतात. गेल्या वर्षी बाबाजींनी मास्तरांना विचारलं, "यात केरबा कुठं हाय?"

"नवऱ्याचं यात काही काम नाही, बाबा," मास्तर समजुतीनं म्हणाले.