ओताकीने कोरलेलं धुकं

फार फार वर्षांपूर्वी जपानच्या उत्तर किनाऱ्यावर नामिसे नावाचं गाव होतं. तिथे ओताकी नावाची तरुण बाई डोंगर, समुद्र, झाडं लाकडात कोरायची आणि कागदावर छापायची. तिने छापलेल्या लाटेवर हात ठेवला तर तळवा ओला व्हायचा, असं म्हणतात.

तिचं काम असं होतं. रानचेरीच्या फळीवर चित्र उलटं चिकटवायचं आणि रेघा सोडून बाकीचं लाकूड पटाशीने काढून टाकायचं. जे राहिलं ते कागदावर उमटतं, जे काढलं ते कोरं राहतं. ढग काय, बर्फ काय, धुकं काय, सगळं म्हणजे काढून टाकलेलं लाकूड.

एकदा सरदाराची स्वारी गावात येणार असं कळलं. नजराणा म्हणून गावाचंच चित्र द्यायचं ठरलं. ओताकीने अख्खं गाव कोरलं. मंदिर, होड्या, टेकडीवरचं तिचं स्वतःचं घर, आणि खाली किनाऱ्याला, समुद्राचं पाणी उकळून मीठ काढणाऱ्या मिठागरवाल्यांच्या, धुराने काळ्या पडलेल्या झोपड्या. पहिला छाप बघायला म्हातारे जमले. गावप्रमुख गेन्झाएमोन त्यांच्यात सगळ्यात म्हातारा, म्हणून सगळ्यात शहाणा. तसा नियमच होता.

"हे काळं काय?" त्याने बोट ठेवलं.

"माणसं राहतात तिथे, आजोबा."

"माणसं कसली, मीठवाले! तिथे धुकं काढ. शोभून दिसेल."

"धुकं काढायचं म्हणजे लाकूड काढायचं. आणि ते पुन्हा उगवत नाही."

"मला शिकवतेस? तुझ्यापेक्षा माझी छत्री वयाने मोठी आहे."

बाकीचे म्हातारे खो खो हसले. मोठ्यांपुढे बोलू नये, हे ओताकीला लहानपणापासून शिकवलेलं. तिने पटाशी उचलली आणि झोपड्या खरवडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मिठागरांच्या वस्तीवर धुकं उतरलं, ते उठलंच नाही. आत गेलेला माणूस बाहेर येईना. आतून हाका यायच्या, त्याही दिवसेंदिवस बारीक होत गेल्या. सरदार आला, चित्र वाखाणून निघून गेला. "समुद्राचं धुकं आहे, जाईल," गेन्झाएमोन म्हणाला. कुणीही विचारलं की तो एवढंच म्हणायचा.

ओताकी धुक्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. आतून मिठागरातल्या ओमासाचा आवाज आला.

"कोण, ओताकी? अगं, मला माझे हात दिसत नाहीत. आणि माझ्या लेकाचं नाव... काय गं त्याचं नाव?"

ओताकी धावत घरी आली. खोदलेल्या जागी नवा तुकडा बसवता येतो, पण तो त्याच फळीचा लागतो. परक्या झाडाचं लाकूड पाणी लागलं की वेगळं फुगतं आणि निखळून पडतं. म्हणजे त्याच चित्रातून काहीतरी कापायला हवं होतं. गेन्झाएमोनचं घर फळीवर चांगलं ऐसपैस होतं. ओताकीची पटाशी त्याच्यावर बराच वेळ थांबली, असं म्हणतात.

मग ती टेकडीकडे सरकली. ओताकीने स्वतःच्या घराचा तुकडा कापला, पालथा करून किनाऱ्याच्या खळग्यात ठोकून बसवला, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर एकेक झोपडी पुन्हा कोरली. शेवटची रेघ पूर्ण झाली तेव्हा खाली धुकं उठलं. ओमासा लेकाच्या नावाने हाका मारत धावत निघाली, आणि लोकांनी वर पाहिलं.

टेकडी पांढरी झाली होती. ते पांढरं विरलं, तेव्हा तिथे घर नव्हतं, घराकडे जाणारी वाटही नव्हती.

आजही नामिसेत धुकं उतरलं की प्रत्येक दारात माणूस येऊन उभा राहतो आणि आपल्या घराचं नाव ओरडून सांगतो. सुरुवात मिठागरांच्या वस्तीतून होते. गावप्रमुखाची पाळी सगळ्यात शेवटी, आणि घसा बसला असला तरी त्याला सूट नाही. मग सगळं गाव टेकडीकडे तोंड करून ओताकीला हाक मारतं, आणि तिला ओ द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ कुणीही बोलत नाही.