लाडीच्या पोटातलं गाव

एका गावात एक म्हैस होती आणि त्या म्हशीच्या पोटात आणखी एक गाव होतं. तिथं ना उजेड होता, ना वारा. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू तिथं राहत. त्यातल्या एकाचं काम कडबा फोडायचं. कडब्यातला जो चिवट भाग, ज्याला शाळेच्या पुस्तकात सेल्युलोज म्हणतात, तो म्हशीला एकटीला पचत नाही. हा जिवाणू तो फोडी, तेव्हा कुठं म्हशीला त्याचं दूध करता येई. हवा मात्र त्याला सोसत नसे. उघड्यावर आला की त्याचा जीव जाई. त्यामुळे त्याचं कौतुक करायला कुणी कधी गेलं नाही.

म्हशीचं नाव लाडी, मालक रंगराव. त्यांचा लाडीवर जीव होता आणि तिच्या दुधाचा तोरा त्याहून जास्त होता. शेजारच्या गोजराबाईंची म्हैस हाडकुळी, वर्षभर कडब्यावर राहणारी. रंगराव तिला पाहून म्हणत, "गोजराताई, ही म्हैस हाय का काड्यांची मोळी?" गोजराबाई ऐकून घेत आणि गव्हाणीत कडबा टाकत.

रंगरावांच्या मुलीचं लग्न झालं. पंगती उठल्या, भात आणि बुंदी उरली. "घरात लेकीचं लगीन आन् लाडीनं काड्या चघळायच्या?" असं म्हणत रंगरावांनी कडबा बाजूला सारला आणि घमेली भरभरून भात-बुंदी गव्हाणीत ओतली. लाडी त्यावर तुटून पडली.

पोटातल्या गावात गोडखाऊ जिवाणूंचं फावलं. त्यांनी बघता बघता सगळीकडे आंबट करून सोडलं. त्या आंबटात कडबा फोडणारा आणि त्याचे सारे सगेसोयरे मेले.

लाडीनं रवंथ थांबवला, मान टाकली. रंगरावांनी बोलावणं धाडलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या औषधानं पोटातलं आंबट उतरलं, लाडी उठून बसली, पण रवंथ काही करीना.

"कडबा पचवणारं पोटात कुणी उरलंच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडब्यावर पोसलेल्या निरोगी म्हशीच्या तोंडातला रवंथाचा घास लागेल. म्हैसच इथं आणा. वाटेत वारा लागला तर घासातले जिवाणू मरतील, आणि मग लाडी काही वाचायची नाही."

अशी म्हैस भिंतीपलीकडेच होती. रंगराव गोजराबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ताई, तुमच्या म्हशीला लई बोललो. चुकलं माझं. तिच्या तोंडचा घास माझ्या लाडीला द्याल का?"

गोजराबाई दावं सोडत म्हणाल्या, "बोलला तुम्ही. लाडीनं काय वाईट केलंय माझं? चला बिगीबिगी, हिचा रवंथ चालू हाय तवर."

डॉक्टरीणबाईंनी त्या म्हशीच्या तोंडातला घास काढून तसाच लाडीच्या घशात सारला, पुन्हा पुन्हा सारला. मग पुढ्यात कडबा टाकला. लाडी बराच वेळ नुसती हुंगत राहिली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तिचा जबडा हलला. रंगराव सगळ्यांदेखत रडले.

परक्या पोटातून आलेला जिवाणू तोवर आत रुळला होता. कोण कुणाला काय बोललं, हे त्याला ठाऊक नव्हतं. समोर कडबा आला आणि तो कामाला लागला.

तात्पर्य: ज्याच्या जोरावर आपलं चालतं तो पुष्कळदा दिसत नाही, लाडाच्या भरात त्याच्या तोंडचा घास काढून घेऊ नये.