झुंजार आणि हरणीची गाडी

जनावरं आपापले टांगे स्वतःच चालवीत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात झुंजार घोडा आणि हरणी घोडी यांचे दोन टांगे होते. गिऱ्हाइकांवरून दोघांची रोज भांडणं होत.

मग गावात मोटार आली आणि दोघांचेही टांगे रिकामे राहू लागले. झुंजार म्हणाला, "हरणे, आपण दोघं मिळून एकच मोठी गाडी ओढू. मोटारीला मागं टाकू."

हरणीला ते फारसं पटलं नव्हतं, पण पोटासाठी ती तयार झाली. झुंजार दौडायचा, हरणी जपून चालायची, आणि गाडी सडक सोडून खड्ड्यात जायची. मोटार केव्हाच पुढं निघून गेलेली असायची.

शेवटी हरणी थांबली. "आपण घाबरून एकत्र आलो. कशासाठी, ते ठरवलंच नाही. सडकेवर मोटारच जिंकणार. पण वरच्या वाडीला सडक नाही. तिथली म्हातारी जनावरं कधी बाजाराला येत नाहीत. ती चढण एकट्याला झेपायची नाही."

"आणि चाल कुणाची?"

"सपाटीवर तुझी, चढणीवर माझी."

झुंजारला हे जड गेलं. तरी चढणीवर त्यानं पाय आवरला आणि हरणीच्या श्वासाबरोबर तो चालत राहिला.

वाडीतली म्हातारी शेळी गाडीत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या बाजाराला याल ना, बाळांनो?"

धापा टाकत झुंजार म्हणाला, "हिला विचारा, आजी. इथं हिचं चालतं."