चुन्यावर शिजलेला भात

एकदा एका गावाच्या वेशीवर वाटसरूंसाठी हौद बांधायचे काम निघाले. खर्च एका व्यापाऱ्याचा, जबाबदारी एका वृद्ध स्थपतीची. वृद्धाने ती निःशंकपणे आपल्या शिष्यावर सोपवली. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम! भिंती चढल्या, आतला गिलावा तेवढा राहिला, आणि व्यापारी घोड्यावर बसूनच आला.

"अक्षय्य तृतीयेला यात पाणी पडलेच पाहिजे. जमत नसेल तर दुसरा गवंडी बघतो."

पदरी पैसा असला की माणसाला वाटते, दगडालाही घाई करता येते.

हातचे काम जाईल या धास्तीने शिष्याने भट्टीतून नुकत्याच काढलेल्या चुनखडीवर पाणी ओतले. वाफ उसळली, ढेकळे फुटून पांढरीशुभ्र पिठी झाली. त्याने थापी उचलली, तोच वृद्धाने तांदूळ आणि पाणी घातलेला तांब्या, वर झाकण ठेवून, त्या ढिगात रोवला.

"म्हातारबुवा, घरची चूल विझली की काय?" व्यापारी हसला.

बऱ्याच वेळाने वृद्धाने झाकण काढले. भात शिजला होता.

"शेठ, हा दगड पाण्याचेच लेकरू," वृद्ध म्हणाला. "पाण्यात विरघळून आला, थेंबाथेंबाने खडकाच्या फटीत साकळला, तेव्हा चुनखडी झाला. भट्टीत आपण त्याचा श्वास काढून घेतला. आता तो पाण्याखाली महिनोन्महिने निवांत मुरला पाहिजे. मुरलेला चुना भिंतीवर गेला, की गेलेला श्वास हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. ज्याच्या पोटात अजून भात शिजतो, तो पाणी कसे धरील?" मग तो शिष्याकडे वळला. "काम तुझे आहे. काय सांगायचे ते तूच सांग."

शिष्याने थापी खाली ठेवली.

"शेठजी, या तृतीयेला पाणी पडणार नाही. दुसरा गवंडी बघायचा तर खुशाल बघा. कच्चा चुना मी लावणार नाही."

व्यापारी त्या भाताकडे पाहत राहिला. "मग पुढच्या तृतीयेला," असे पुटपुटून निघून गेला.

पुढच्या तृतीयेला हौद काठोकाठ भरला. बाहेरून भिंती कोरड्या ठणठणीत. व्यापारी गुळगुळीत गिलाव्यावरून हात फिरवत वृद्धाला म्हणाला, "तुमच्या हाताला तोड नाही!"

वृद्धाचा ऊर अभिमानाने भरून आला.

"हौद माझ्या शिष्याचा आहे, शेठ. ज्या दिवशी तो तुम्हाला नाही म्हणाला, त्या दिवसापासून मी थापीला हात लावलेला नाही."