चाळीस हौद आणि चार घागरी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच आठवत नाही. राजधानीच्या तटाबाहेर बेचाळीस घरांची एक वस्ती होती आणि त्या वस्तीला एकच विहीर होती, एवढे मात्र सांगणारे नेमके सांगतात. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी, थोरांनी जरा जपून ऐकावी.

त्या वस्तीत एक गवंडी राहत असे. चैत्रातला नेहमीसारखाच दिवस होता. गवंडी शेजारच्या म्हाताऱ्या कुंभारणीची चूल लिंपून देत होता. तेवढ्यात दवंडी ऐकू आली. ज्या घराच्या छपरावरचे पाणी पन्हळीतून अंगणातल्या हौदात साठेल, त्या घराची घरपट्टी तीन वर्षे माफ होणार होती. शिवाय दारावर राजाच्या शिक्क्याची तांब्याची पाटी लागणार होती. वैशाखी पौर्णिमेला पाहणीदार येणार होता. हौदात कमरेइतके पाणी दिसले पाहिजे, एवढीच अट होती.

गवंड्याचा हात चुलीवरच थांबला. माघ महिन्यात त्याची बायको गेली होती. छपराचे पाणी वाया जाते म्हणून ती दर पावसाळ्यात वळचणीखाली चार घागरी मांडून ठेवी. "अहो, एक पन्हळ बसवा की," असे ती बारा वर्षे म्हणत होती. "या पावसाळ्याआधी नक्की," असे तोही बारा वर्षे म्हणत होता. घागरी अजून तिथेच होत्या, तिने मांडल्या तशा.

"ऐकलंस ना?" कुंभारीण म्हणाली. "राजाला आता सुचलं. तुझ्या घरात केव्हाच सुचलं होतं."

गवंडी पुन्हा चूल लिंपू लागला.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती त्याच्या दाराशी आली. पाटील सर्वांत पुढे होता.

"मिस्त्री, पौर्णिमेच्या आत चाळीस हौद झाले पाहिजेत."

"पन्हळींना वेळ लागेल, पाटील. त्यांना हौदाकडे उतार द्यावा लागतो."

"पन्हळ रस्त्यावरून दिसली म्हणजे झालं. हौदापर्यंत नाही पोचली तरी चालेल. पाहणीदार काही छपरावर चढत नाही."

"मग हौदात पाणी कुठून येणार? पाऊस तर पौर्णिमेनंतर."

पाटील हसला. "विहीर आहे की."

हुकूम ज्याने लिहिला तो राजवाड्यात राहत होता. तिथल्या कारंज्यांना बारा महिने पाणी असे. वैशाखात छपरावरून काही पडत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. पण वस्तीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते, आणि गवंड्याला सर्वांत जास्त. तरीही त्याने थापी उचलली. रिकाम्या घरात बसण्यापेक्षा काम बरे, असे त्याने स्वतःला सांगितले.

हौद उभे राहिले. ओला चुना वाळतो न वाळतो तोच बायका, पुरुष, पोरे विहिरीवर लोटली आणि हौद भरू लागली. रोज विहीर हातभर खाली जाई. दोर लांबत गेले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कुंभारीण रिकामी कळशी घेऊन गवंड्याकडे आली.

"तुझ्या बायकोचा दोर आहे ना खुंटीला? माझा पुरत नाही."

गवंड्याने दोर काढला आणि तिच्या दोराला गाठ मारून दिली. तो स्वतः विहिरीवर गेला, कळशी सोडली, ओढली. कळशीत गाळ आला.

"चाळीस हौद बांधलेस," कुंभारीण म्हणाली. "त्यातल्या एखाद्यातून घोटभर मिळेल का?"

"नाही, आत्या. ताज्या चुन्याचं पाणी पोटाला बाधतं. पहिलं पाणी ओतूनच द्यावं लागतं."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

ती कळशी उचलून निघून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरे वाटले असते.

पौर्णिमेला पाहणीदार घोड्यावरून आला. त्याने हौदाहौदात काठी बुडवून पाहिली. सगळीकडे कमरेइतके पाणी. तो खूश झाला. चाळीस पाट्यांचे पोते उघडले. दमलेल्या घोड्याने पाटलाच्या हौदाला तोंड लावले, आणि फुरफुरत मान बाजूला घेतली.

"असं का केलं याने?" पाहणीदाराने विचारले.

"जनावर आहे, साहेब," पाटील म्हणाला. "नव्या जागी बुजतं."

गवंडी मागे उभा होता. तो पुढे आला.

"ते पाणी पिण्यासारखं नाही. छपराचंही नाही. विहिरीचं आहे, आणि विहीर संपली. एकही पन्हळ हौदापर्यंत पोचत नाही. मीच बांधल्या आहेत."

"मिस्त्री, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?" पाटील दबक्या आवाजात म्हणाला.

पाहणीदाराने गवंड्याकडे नीट पाहिले. "तुझा हौद कुठे आहे?"

"मला हौद नाही. चार घागरी आहेत. बायको त्यात पावसाचं पाणी धरायची."

"तिला बोलाव."

"ती गेली," गवंडी म्हणाला.

पाहणीदाराने पाट्या वाटल्या नाहीत की कुणाला दरडावले नाही. पोते बांधले आणि तो गेला. पाऊस येईपर्यंत सगळी वस्ती दोन कोसांवरच्या नदीवरून पाणी वाहत होती. कुंभारणीला चालवत नसे. तिची कळशी गवंडी आणून देई. त्या दिवसांत त्याच्याशी ती सोडून कुणी बोलत नव्हते.

पुढे हुकूम बदलला. पाटी द्यायची ती पुढच्या वैशाखात, ज्याच्या हौदात तेव्हाही पावसाचे पाणी उरेल त्याला. लोक पुन्हा गवंड्याकडे आले. पाटील सर्वांत शेवटी आला. गवंड्याने चाळीसही पन्हळी हौदापर्यंत नेल्या, एकेचाळिसावी कुंभारणीच्या छपराला बसवली. पुढच्या वैशाखात विहिरीचा तळ कुणाला दिसला नाही.

म्हणून सांगायचे ते एवढेच: दाखवण्यासाठी साठवलेल्या पाण्याने कुणाचीच तहान भागत नाही.

बेचाळिसावी पन्हळ गवंड्याने स्वतःच्या घराला बसवली. आता त्याच्या वळचणीतून थेंबही खाली पडत नाही. तिथल्या चार घागरी मात्र त्याने अजून उचललेल्या नाहीत.