तोकुनागाचा लाल शिक्का

समुद्रकाठच्या शिओउरा नावाच्या जपानी शहरात तोकुनागा नावाचा एक पारखी राहत असे. हिऱ्यामोत्यांचा नव्हे, बेसबॉलच्या खेळाडूंचा. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो बॅटने टोलवतो, आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसलेला झेलकरी हुकलेला चेंडू जाड चामडी हातमोज्यात पकडतो. शिओउराच्या संघाचे नाव होते ‘बगळे’. कोण किती पाण्यात आहे, हे तोकुनागा एका नजरेत सांगायचा.

त्या वर्षी तब्बल अकरा वर्षांनी बगळे बाद फेरीत पोचले. या फेरीत एकाच संघाशी तीन सामने होत, आणि त्यांतले दोन जिंकणारा पुढे जाई. सारे शहर हरखून गेले. संघाची एक रीत होती. बाद फेरीआधी तोकुनागाने संघाच्या बळाचा अहवाल लिहायचा, खाली आपला लाल शिक्का उठवायचा आणि सामन्याच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांसमोर वाचायचा. पहिल्या सामन्यात चेंडू कोण फेकणार, तेही त्यावरूनच ठरे. शिक्का मारलेल्या अहवालातला एक शब्दही त्याने तीस वर्षांत बदलला नव्हता. याचा म्हाताऱ्याला भारी अभिमान होता.

यंदाचा अहवाल लिहिताना तर त्याचा हात थांबेना. पोरे होतीच तशी गुणी. धावायला चपळ. पुढे धावणाऱ्या गड्याला धावेच्या वाटेवर एक टप्पा सरकता यावे म्हणून स्वतः बाद व्हायला कोणी कुरकुरत नसे. चेंडू अडवायला उभी राहिली की मुंगीला वाट मिळायची नाही. आणि सगळ्यात वर नाव होते हायासेचे. हायासे चेंडू फेकी आणि समोरचा बॅट फिरवेपर्यंत तो झेलकऱ्याच्या हातात विसावलेला असे. तोकुनागाने खूश होऊन शिक्का मारला.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी इसोबे त्याच्याकडे आला. इसोबे हा सरावाचा झेलकरी. सामन्यात तो कधीच उतरत नसे. मैदानाच्या कडेला बसून रोज दोनशे चेंडू झेलायचे, एवढेच त्याचे काम. आठ वर्षांपूर्वी तो खेळाडू व्हायला आला होता, तेव्हा तोकुनागाने त्याच्या नावापुढे लिहिले होते, ‘संघाच्या उपयोगाचा नाही.’ तरी गडी रुसला नाही, राहिला.

इतर झेलकरी हातमोजा अशा खुबीने धरत की लेचापेचा चेंडूही फाडकन वाजावा आणि फेकणाऱ्याला बरे वाटावे. इसोबेला ही लबाडी जमत नसे. चेंडू चांगला पडला तरच त्याचा हातमोजा वाजायचा. आधी खेळाडू त्याच्यावर वैतागत. पुढे मात्र त्याच्याशिवाय कोणाकडे सराव करीनात.

“तोकुनागासान, हायासेचा चेंडू तीन दिवसांपासून हलका लागतोय,” इसोबे नावाला आदराचा ‘सान’ जोडत म्हणाला. “त्याचा खांदा दुखतोय.”

“तो म्हणाला तसं?”

“तो कसला म्हणतोय! पण हाताला कळतं.”

“वेग मोजायचं यंत्र आहे आपल्याकडे. आकडा आठवड्यापूर्वी होता तोच आज सकाळी होता. आणि शिक्काही मारून झालाय.”

“मग उद्या त्याचा खांदा जाईल,” इसोबे म्हणाला आणि कमरेत वाकून निघून गेला.

तोकुनागाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्याला आपण नापास केले, तो आपल्याला शिकवणार? पण संध्याकाळी जेवायला बसल्यावर घास काही गोड लागेना. शेवटी ताट तसेच ठेवून तो खेळाडूंच्या खोलीत गेला. हायासे एकटाच बसला होता.

“हायासे, तो खुंटीवरचा टॉवेल दे पाहू.”

हायासेने डावा हात वर केला.

“उजव्या हाताने दे.”

उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. हायासेच्या डोळ्यांत पाणी आले. “आजच्या सरावानंतर हात वर जाईनासा झालाय. पण अकरा वर्षं लोक वाट बघतायत, तोकुनागासान. कोणत्या तोंडाने सांगू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संघ रांगेत उभा होता. तोकुनागाने कागद उघडला. हायासेच्या नावावर त्याने आडवी रेघ मारली होती.

“आज हायासे खेळणार नाही. त्याचा खांदा दुखतोय. हे मला कळलं नव्हतं, इसोबेला कळलं. आठ वर्षांपूर्वी मी याला उपयोगाचा नाही असं लिहिलं होतं. माझी पारख चुकली. या संघाचं पहिलं बळ इसोबे आहे, कारण तो कोणालाही खोटं बरं वाटू देत नाही.” एवढे बोलून तो म्हातारा सगळ्यांदेखत इसोबेपुढे वाकला. इसोबे गडबडून त्याच्याहून खाली वाकला. तीस वर्षे जपलेला ताठा एका सकाळी सोडायचा म्हणजे काही खाऊ नव्हे, म्हाताऱ्याचे कौतुकच करायला हवे.

हायासेच्या जागी दुसऱ्याने चेंडू फेकले, आणि बगळे पहिला सामना एका धावेने हरले. शहर खवळले. प्रशिक्षक मुनेकाता तोकुनागाला म्हणाले, “तुम्ही गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं? शिक्का तर मारलेलाच होता.”

“शिक्का माझा होता,” तोकुनागा म्हणाला, “खांदा त्याचा होता.”

पुढचे दोन्ही सामने बगळ्यांनी जिद्दीने जिंकले. पुढच्या फेरीत विश्रांती घेतलेला हायासे मैदानात उतरला, आणि उजवा हात पार डोक्यावर नेऊन त्याने पहिला चेंडू फेकला.

तात्पर्य: आपली चूक चारचौघांत कबूल करतो तोच खरा पारखी, कारण आपल्या मोठेपणापेक्षा दुसऱ्याचे भले त्याला मोठे वाटते.