गच्चीवरचं बेट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे सहलीचा कागद घेऊन गेला. गोष्ट पुराणकाळातली नाही, मागल्या हिवाळ्यातली आहे. आणि आश्रम म्हणाल तर तो बार्शीच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराच्या अगदी समोर. त्यामुळे मला बरंचसं ऐकू आलं. जे ऐकू आलं नाही ते मी नंतर विचारून घेतलं.

गुरू म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. सगळी इमारत त्यांना मास्तरच म्हणते. शिष्य म्हणजे पाचवीला त्यांच्या वर्गात असलेला उमाकांत. आता पंचेचाळिशीचा, आमच्याच इमारतीत राहणारा, औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभा राहणारा, सरळ, कष्टाळू माणूस. त्याची बायको शैलजा घरी साड्यांना फॉल-पिको करते. त्या कमाईतून तिने दोन वर्षं भिशी भरली, आणि भिशी लागली तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. म्हणाली, "मला एकदा बेट बघायचंय."

तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. मसाल्याचा डबा काढताना तिला ते रोज दिसतं. मी वाटीभर साखरेला जाते, तेव्हा मलाही दिसतं. या बाईने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता, आणि पुन्हा कधी जमेल याची काही खात्री नव्हती.

उमाकांतने महिनाभर खपून बेत आखला. पैसे ठरलेले, माणसं चार: नवराबायको, मुलगी गौतमी आणि उमाकांतची आई. कागदावर सात दिवस, तीन बेटं, एकोणीस ठिकाणं. आईला बरोबर घेऊन तो मास्तरांकडे आला आणि कागद पुढे ठेवून म्हणाला, "मास्तर, एवढ्या पैशात लोक चार दिवस जाऊन येतात. मी सात बसवलेत."

मास्तरांनी चष्मा लावला. "कसे बसवलेस?"

"जेवणावर काट मारली. विजेची शेगडी न्यायची, छोटा कुकर, तांदूळ, डाळ, पीठ, सगळं घरून. बाहेरचा एक घाससुद्धा विकत घ्यायचा नाही. आईला तसंही बाहेरचं चालत नाही."

"माशाच्या कढईत तळलेलं माझ्या पोटात नको," आई म्हणाल्या.

मास्तर बराच वेळ कागद न्याहाळत राहिले. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. ते म्हणाले, "बेत कष्टाने केलेला दिसतो. परंतु परीक्षेआधी सराव करून घ्यायची माझी जुनी खोड आहे. येत्या रविवारी आपल्या गच्चीवर बेट. सकाळी आठला वर जायचं, सूर्य मावळल्यावर खाली यायचं. तिकडे जे नेणार तेवढंच वर न्यायचं. मध्ये कुणी जिना उतरायचा नाही. बेटाला जिना नसतो."

उमाकांतने मान डोलावली. पण जिन्यात आईला हळूच म्हणाला, "मास्तरांचं वय झालं गं." मलाही आधी तसंच वाटलं. पण मग रविवारपर्यंत मला काही सुचेना. गच्चीवर दिवसभर बसवून हे चौघांना शिकवणार तरी काय?

रविवारी आठ वाजता वरात निघाली. पुढे गौतमी सतरंजी घेऊन, मागे आई काठी टेकत, मग उमाकांत पिशव्या घेऊन आणि शेवटी शैलजा, काखेत शेगडी आणि हातात कुकर. मास्तर आपली खुर्ची घेऊन आधीच वर बसले होते. मीही चटई उचलली. आमचे हे म्हणाले, "तुला कुणी बोलावलंय?" मी म्हटलं, "बेटावर स्थानिक लोक असतातच."

पश्चिमेच्या कठड्याशी सतरंजी अंथरली. तिथून सगळी बार्शी दिसते, पलीकडे रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे शेतं. पण गच्चीवर प्लग एकच. तो पाण्याच्या टाकीच्या मागे, मोटारीसाठी बसवलेला. शेगडीची वायर हातभर. तेव्हा शैलजा टाकी आणि भिंत यांच्या मधल्या बोळात पाट टाकून बसली. उमाकांत म्हणाला, "सावली आहे तिथे, बरं झालं."

आधी उपमा झाला. मग चहा. मग तिने टाकीच्या नळावर भांडी घासली, तोवर डाळ शिजत ठेवली होती. खाली रस्त्यावरून लग्नाची मिरवणूक चालली होती आणि नवरदेवाचा घोडा बँडला बुजून चौकातच अडला. गौतमी कठड्यावरून वाकून ओरडली, "आई, लवकर ये, घोडा मागे मागे चाललाय."

"आले गं, फोडणी जळेल."

"अगं, नवरदेव उतरून ढकलतोय त्याला," आजी हसत म्हणाल्या.

शैलजा हात पुसत आली तेव्हा चौकात नुसत्या फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या.

दुपारी जेवणं झाली, पुन्हा भांडी. चार वाजता चहा. मी उठून तिला मदत करू लागले, तर मास्तरांनी बोटाने मला खाली बसवलं. म्हणाले, "तुम्ही तिकडे जाणार आहात का, वहिनी?" मी बसले, पण मला ते आवडलं नाही.

मग पश्चिम तांबडी झाली. बगळ्यांची रांग गेली, त्यांच्या खालून गाडी गेली, आणि सूर्य शेताच्या कडेला टेकला. उमाकांतने हाक मारली, "शैला, सूर्य बघ. अगदी ताटाएवढा."

टाकीमागून आवाज आला, "खिचडीच्या दोन शिट्ट्या झाल्यात. तिसरी झाली की येते."

तिसरी शिट्टी झाली तेव्हा सूर्य नव्हता.

मास्तरांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि विचारलं, "सांगा, आज काय काय पाहिलंत?"

गौतमीने बोटं मोजत घोडा, बगळे, दोन पतंग आणि शेजारच्या तीन गच्च्यांवरची वाळवणं सांगितली. आजींनी देवळाचा कळस सांगितला. इतकी वर्षं इथे राहून तो इथून दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. उमाकांतने सूर्याचं वर्णन केलं, आणि चांगलं केलं.

"आणि शैलजा?"

तिने थोडा विचार केला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणाली, "टाकीला मागून तडा गेलाय. चार बोटं लांब. शेवाळ धरलंय त्यात. सोसायटीला सांगायला पाहिजे."

उमाकांत एकदम म्हणाला, "मास्तर, ही गच्ची आहे. तिकडे खोली असेल, असं नाही होणार."

"खोलीत प्लग कुठे असतो?"

"भिंतीत."

"आणि समुद्र?"

उमाकांतने टाकीकडे पाहिलं. तेव्हा मास्तर म्हणाले, "पाचवीत मी तुला शिकवलं होतं, चहूबाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट. ती व्याख्या अपुरी निघाली. चहूबाजूंनी भांडी असलेलंही एक बेट असतं. आज तुम्ही तिघं एका बेटावर होता आणि ती दुसऱ्या. तुझ्या कागदात बेरजेची चूक नाही, उमाकांता. चार दिवसांच्या पैशात तू सात दिवस बसवलेस, हे खरं. पण ते वरचे तीन दिवस आकाशातून पडले नाहीत. ते तिने टाकीमागे बसून द्यायचे होते. आणि ही भिशी कुणाची, हे तर वहिनीसुद्धा सांगतील."

मी लगेच सांगितलं.

उमाकांतने खिशातला कागद काढला, पण उघडला नाही. पहिल्यांदा बोलल्या त्या उमाकांतच्या आई. "कडक भाकरी महिनाभर टिकते. सोलापुरात पाकिटात विकत मिळते. शेंगाची चटणी बरोबर घेऊ. दहीभात कुठेही मिळत असेल. मी काय कुकर पोटाला बांधून जन्माला आले?"

"मग आधी बोलली नाहीस ती?" उमाकांतने विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही. आणि ताट रोज समोर येतं, म्हणून मीही हिला कधी विचारलं नाही." असं म्हणून त्यांनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग उमाकांतने कागद उलटा केला आणि पेन शैलजाच्या हातात दिलं. "तू लिही. तुला काय बघायचंय?"

तिने पेन घेतलं, पण लिहिलं नाही. म्हणाली, "एकच. पाण्यात पाय सोडून बसायचंय. किती वेळ ते ठाऊक नाही. फक्त मध्ये कुणी हाक मारायची नाही."

खिचडी आम्ही सगळ्यांनी तिथेच खाल्ली. त्या दिवशी भांडी उमाकांतने घासली, आणि कुकरच्या तळाला लागलेलं काही त्याला निघालं नाही.

माघात ते गेले. चार दिवस, एक बेट. शेगडी माझ्याकडे ठेवायला दिली होती. आल्यावर ती न्यायला शैलजा आली तेव्हा मी तिला दारातच धरलं आणि विचारलं, काय पाहिलंस. ती सांगत बसली: सकाळचं पाणी कसं असतं, दुपारचं कसं, ढग आला की कसं, आणि उन्हं उतरल्यावर पायाजवळचं पाणी एका रंगाचं आणि चार हात पुढचं दुसऱ्याच रंगाचं कसं दिसतं. तासभर सांगत होती. जाताना मात्र शेगडी विसरली. ती द्यायला म्हणून मी मागोमाग गेले, तर कपाटाचं दार उघडून त्या पानासमोर उभी होती.

"मावशी," ती म्हणाली, "या कॅलेंडरवाल्यांनी निळा चुकीचा छापलाय."

तेव्हा तुम्ही कुठल्याही सहलीचा बेत आखाल, तर पैसे जरूर जुळवा. फक्त कागद मिटण्यापूर्वी एकदा पाहून घ्या, आपल्यातल्या कुणाची पाठ समुद्राकडे तर होत नाही ना.